कन्यादानाचा उपास

लग्नाचं सामान बांधावं तर हणमंतरावांनीच, अशी मुखेडच्या त्या गल्लीत रीतच पडली होती. कुणाच्याही घरी लग्न निघालं की ते जुन्या लुगड्यांची फडकी करायचे आणि गाठोडी बांधायला बसायचे. मांडवात शेवटी लागणारं तळाशी, आधी लागणारं वर. हळदीच्या गाठोड्याला एक गाठ, देवकाच्या गाठोड्याला दोन. अंधारात हात घातला तरी बोटांना कळलं पाहिजे. त्या गाठी मारणारा उजवा हात आता मांडीवर पडून होता, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

दिवाळीत झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मागं उरला तो एक 'आ'. तहान लागली तरी आ, ऊन डोळ्यांवर आलं तरी आ, नको म्हणायचं तरी आ. ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं त्याचा अर्थ लावायचा.

आज त्यांच्या लेकीचं, साक्षीचं लग्न होतं. लातूरच्या मंगल कार्यालयात, दुपारी साडेबाराच्या अक्षता. पार्लरवालीनं लवकर बोलावलं म्हणून साक्षी मामाच्या गाडीत उजाडतानाच पुढं गेली होती. जाताना बापाच्या पायाशी बसली. हळदीचा पिवळा हात तिनं त्यांच्या उजव्या हातावर ठेवला.

"बाबा, पाणी तुमच्याच हातानं सोडायचं हां. काका नुस्ता हात धरंल. पाटावर बसताव न्हवं?"

"आ," हणमंतराव म्हणाले. साक्षीला तो बरोबर कळला. घरात तिला एकटीलाच त्यांचे सगळे आ वेगवेगळे ऐकू यायचे.

पाटावर बसायला ते महिनाभर शिकत होते. आधी धान्याच्या पोत्यासारखे एका अंगाला कलायचे. मग खांबाला टेकून बसायला जमलं. आता बायकोच्या, म्हणजे सिंधूच्या, सगळ्या भाकरी थापून होईपर्यंत ते बिनटेक्याचे बसत. आणि काल संध्याकाळच्या जेवणानंतर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. कन्यादान करायचं त्यानं अक्षता पडेपर्यंत उपाशी राहायचं. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आजवर किती बापांच्या हातातला फराळ त्यांनीच काढून घेतला होता.

ओसरीत हणमंतरावांच्या खाटेभोवती सामानाचा ढीग पडला होता. बाशिंगाचा खोका, हिरव्या चुड्याचा डबा, लाह्यांची पिशवी, रुखवताच्या कुरडया, आणि या सगळ्यातून वाट काढत पळणारी सिंधू. हणमंतरावांचं लक्ष मात्र दाराजवळच्या निळ्या बॅगेवर होतं. तिच्यात त्यांचं नवं धोतर होतं, सदरा होता, आणि सगळ्यांत वर गुलाबी फेटा. ती बॅग गाडीत चढली की आपणही चढलो, एवढा हिशेब त्यांनी मनाशी धरला होता.

सिंधू वाटीत सुशीला घेऊन आली. मुरमुरे मऊ भिजलेले, वर शेंगदाण्याचा कूट.

"घ्या बरं दोन घास. पहाटं गोळी पाण्यासंगं गेलीय, पोटात आधार पायजे."

हणमंतरावांनी ओठ मिटले.

"अहो, घ्या की. मला लई कामं हायेत."

त्यांनी मान फिरवली. तिनं घास ओठांशी लावला, तो त्यांनी जिभेनं बाहेर लोटला. नव्या सदऱ्यासारख्या पांढऱ्या चादरीवर मुरमुरे सांडले.

खरं तर सिंधूनं स्वतःसुद्धा सकाळपासून चहा घेतला नव्हता. कन्यादान जोडीनं करायचं असतं, तिलाही उपास होताच. पण नवऱ्याचाही उपास असेल, हे तिच्या मनाला शिवलं नाही. दिवाळीपासून ती त्याला भरवत होती, पुसत होती, कुशीवर वळवत होती. लेकीचा बाप म्हणून त्याच्याकडं बघायला तिला उसंतच मिळाली नव्हती.

"भावजी!" तिनं आत हाक मारली. तिचा आवाज चिरकला. "ओ भावजी, हिकडं या. हे खाऊन न्हाई राहिले. झटक्याच्या आधी बी आसंच त्वांड मिटून बसले हुते, याद हाय न्हवं?"

रामलिंग, हणमंतरावांचा धाकटा भाऊ, पंचा झटकत बाहेर आला. त्यानं भावाच्या कपाळाला हात लावला, डोळ्यांत पाहिलं.

"दादा, काय हुतंय? छाती दुखती का?"

"आ," हणमंतराव म्हणाले. तो 'न्हाई' होता.

"दुखती म्हणायलेत," रामलिंग म्हणाला.

मग फोन झाला. डॉक्टर म्हणाले, शंका असेल तर प्रवास नको, निजवून ठेवा, रात्री आल्यावर दाखवा. रामलिंगनं फोन खिशात घातला. भावावर त्याचा जीव होता, म्हणूनच त्याला भीती वाटत होती.

"वैनी, रस्ता जांबच्या पुढं खड्ड्याचा. मांडवात काय कमी-जास्त झालं, तर पोरगी हातच्या हळदीनं दवाखान्यात पळंल. दादाला हितंच ठिवू. सिद्धम्मा बसंल जवळ."

"मग कन्यादान?"

"मी आन शिवकन्या करू की. आमची काय लेक न्हवं का ती?"

हणमंतरावांनी क्षणात ठरवलं, खाऊन टाकू. उपास मोडू दे, पाणी भावाला सोडू दे, पण लेकीचं तोंड तर दिसेल. त्यांनी तोंड उघडलं. होईल तेवढं उघडलं, पाखराच्या पिलासारखं. "आ! आ!"

पण वाटी आत गेली होती.

"बघा, कसं करायलेत!" सिंधू रडायला लागली. "भावजी, न्हाई न्यायचं. मी हितंच राहते."

"तुम्ही न्हाई आलात तर पोरीनं कुणाच्या गळ्यात पडावं?" रामलिंगनं निळी बॅग उघडली. फेटा काढला, सदरा काढला, धोतर काढलं आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवलं. बॅगेत जागा झाली, तर तिथं लाडवांचा डबा बसला. अगदी मापात बसला.

आतून शिवकन्या, रामलिंगची बायको, कुजबुजली. पण तिची कुजबुजही चार घरं ऐकतील अशी.

"आवं, पण तुम्ही तर दोन ताटल्या सुशीला हाणलाव की! आन मी बी पोहे खाल्लेत. कन्यादानाला उपास लागतो."

"आता खाल्लं ते काय वकून टाकू? चालतंय. आजकाल कोण बघतंय?"

"भटजीनं इचारलं तर?"

"ढेकर दिऊ नगंस म्हंजे झालं."

कुणीतरी हसलं. शिवकन्येनं कपात चहा ओतून सिंधूच्या हातात दिला, "घ्या जाऊबाई, आता तुम्हाला कशाचा उपास?" सिंधूनं तो नवऱ्याकडं बघत, डोळे पुसत, घोटाघोटानं प्यायला. प्रत्येक घोट हणमंतरावांना दिसत होता. आता मांडवात लेकीसाठी उपाशी असं कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

रामलिंगनं भावाला खाटेवर आडवं निजवलं. गाडी आली, भरली, हॉर्न वाजला. सिंधू दोनदा खाली उतरली आणि दोनदा चढली. धूळ उडाली, बसली. ओसरीत लाह्यांचे चार दाणे सांडलेले राहिले.

सिद्धम्मा शेजारघरची. म्हातारी, पण कमरेत ताठ. हणमंतरावांना तिनं चड्डीत फिरताना पाहिलं होतं, म्हणून त्यांना अरेतुरे करायची. खाटेजवळ फतकल मारून तिनं वरणात भाकरी कुस्करली.

"घे रे हणमंता. माझ्यापुढं लाड चालायचे न्हाईत. लग्न लेकीचं हाय, रुसलायस तू नवऱ्यासारखा."

ओठ मिटलेले.

"मीठ कमी हाय व्हय? का माझ्या हाताला वास येतोय? उघड की."

ती थकली. ताटली मांडीवर ठेवून, तान्ह्याला भुलवावं तसं तिनं जात्यावरचं गाणं धरलं. दात नसल्यानं शब्द मऊ होऊन येत होते.

"मांडवाच्या दारी
कोण बसला उपाशी
लेक देतो परक्याशी
तिचा बाप..."

पुढची ओळ आलीच नाही. सिद्धम्मानं खाटेकडं पाहिलं. हणमंतरावांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं होतं.

"आरं माझ्या शिवा," ती म्हणाली. "तुला उपास हाय."

"आ."

"आन ह्या खुळ्यांनी तुला आजारी केला."

ती उठली, चौकटीला धरून गल्लीत गेली, पाण्याला आलेल्या रूपालीकडून तिनं सिंधूचा नंबर लावून घेतला. पलीकडं नुसता बँड वाजत होता. "हॅलो, कोण? ऐकू येईना," असं सिंधू दोनदा म्हणाली आणि फोन बंद झाला. मग साक्षीचा लावला. तो वाजत राहिला. नवरीचा फोन कुणाच्या पर्समध्ये, ती पर्स कुणाच्या काखेत, कोण सांगणार.

सिद्धम्मा परत आली. तिनं गुलाबी फेटा उचलला, झटकला आणि हणमंतरावांच्या डोक्याला कसाबसा गुंडाळला. मग काखेत हात घालून त्यांना बसतं केलं, पाठीला उशी दिली. भाकरीवर दुसरी ताटली पालथी घातली.

साडेबारा झाले. पण आपल्याकडं कुठलं लग्न वेळेवर लागतं? नवरदेवाची वरात कधी मारुतीपुढं अडकते, कधी पोरं नाचायची थांबत नाहीत. साडेबाराचे दोन होतात, दोनाचे तीन. उन्हाची तिरीप खाटेवरून भिंतीवर गेली. सिद्धम्माच्या पोटानंही कुरकुर केली. फोन करून कळवावं असं तिकडं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"पडल्या आसतील का रं अक्षता आता?" तिनं विचारलं. "खातूस का? म्या म्हणते, लागलं आसंल लग्न."

हणमंतरावांना ठाऊक नव्हतं. त्यांचा डावा हात पुढं आला आणि पालथ्या ताटलीवर घट्ट दाबून बसला.