माझ्या शांतपणाचं कौतुक करू नका

बालमित्रांनो, मी धरणगावची एक जुनी वरातीची घोडी आहे, आणि मी संतापलेली आहे. माझ्या आयुष्याची गोष्ट त्या रागासकटच ऐका.

माझे मालक सुपडूनाना. मी शिंगरू असल्यापासून त्यांनी मला डफाच्या तालावर पाय टाकायला शिकवलं. चाबूक कधी उगारला नाही. तेव्हा वरातीपुढे बँड असे. मी नाचायची, पोरं टाळ्या पिटायची. वरात संपल्यावर लगाम सोडला, तरी मी आपली आपण घरी यायची.

मग डीजेच्या गाड्या आल्या. भोंगे अगदी माझ्या पाठीमागे! पहिल्या दणक्यालाच मी घाबरले. पळावं तर पुढे गर्दी आणि तोंडात लगाम. मी दगडासारखी उभी राहिले. लोक म्हणाले, "कितली गरीब घोडी शे! जराबी हालत नही!" भीतीने गोठलेल्या जनावराचं हे कौतुक! तेव्हापासून डीजेची प्रत्येक वरात माझ्याच वाट्याला येऊ लागली.

माझी झोप उडाली. कडबा गोड लागेना. नाच विसरले. एकदा तर घराजवळ येऊन भलत्याच गल्लीत शिरले. शेजारचे अभिमनभाऊ हसले, "नाना, घोडी येडी हुई गई. इकी टाका!"

नानांचंही मन डळमळलं. पण विकण्याआधी त्यांनी धुळ्याहून जनावरांच्या डॉक्टर मयुरीताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "नाना, ही वेडी नाही, घाबरलेली आहे. भीती वाटली की अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. थोडा वेळ वाढलं तर ते जीव वाचवतं, पळायला बळ देतं. पण सतत वाढलेलं राहिलं, तर मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग दुबळा होतो. माणसांचंही तसंच."

"बरी हुई का ती?"

"शांतता मिळाली तर बरीच सुधारेल."

पुढच्या वरातीत नानांनी डीजेवाल्यापुढे हात जोडले. तो गाडीवरूनच ओरडला, "नाना, कापूस कोंबा ना घोडीना कानमा!"

"पहिले तुन्हा कानमा कोंब!" नाना गरजले. "आवाज कमी कर, नहीते घोडी लिसन चालनू मी!"

त्याने आवाज आणखी वाढवला. नानांनी नवरदेवाला खाली उतरवलं आणि भर वरातीतून मला घेऊन निघाले. लोकांनी शिव्या दिल्या. दिल्या तर दिल्या!

पण मित्रांनो, वळताना मला भोंग्यांपुढे आईच्या कडेवरचं एक तान्हं बाळ दिसलं. ते जिवाच्या आकांताने रडत होतं. नुसतं उघडं तोंड दिसत होतं. रडणं कुणालाच ऐकू येत नव्हतं.

मला नाना होते. त्या बाळाला कोण आहे? तुम्ही आहात. तेव्हा पुढच्या वेळी वरातीत असं बाळ दिसलं, तर मोठ्यांना ठणकावून सांगा, "आवाज कमी करा!" ते चिडतील. चिडू द्या. तुम्ही मात्र बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन तिथून निघा.