मंडईचं लुगडं

रोवणीचे दिवस होते. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन व्हायचं, आणि दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया भिंतीला पाठ टेकवून ऐकत बसायच्या. त्या दिवशी वाचायला सुमनबाईची सून दीप्ती होती. ती गोंदियाजवळ कुडव्याला राहायची, शाळेत शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याबरोबर आमगावजवळच्या या खेड्यात सासरी यायची. तिनं सम्राट अशोकाच्या लेकीची, संघमित्रेची कथा वाचली. बोधिवृक्षाची फांदी घेऊन संघमित्रा जहाजात बसली, लंकेला उतरली, अनुराधपुराला फांदी लावली. ते झाड अजून उभं आहे.

वाचन संपलं, बाया गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. सुमनबाई मात्र बसूनच होती.

"मंग ते माहेरी केव्हा आली?"

दीप्तीनं पान उलटून पाहिलं. "नाही आली आई. तिकडंच राहिली. तिकडंच गेली."

"एकदा बी नाई?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी बांधीत धान रोवताना सुमनबाईनं गाणं उचललं. रोवणीचं गाणं तीच उचलायची. बाकीच्या बाया मागून झेलायच्या. पण हे गाणं आधी कोणी ऐकलेलं नव्हतं.

*राजाची वो लेक, हाती पिंपळाची फांदी*
*समुद्राच्या पार, गेली रोवाले कोन्या बांधी*

*तिच्या माहेराचा कोनी गेला नाई मुऱ्हाळी*
*किती आल्या-गेल्या, तिच्याबिना वो दिवाळी*

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारं माणूस. बाया ओळ झेलत गेल्या, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचे आवाज हळू झाले. सुमनबाईचा लेक संघदीप बांधीच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी घेऊन उभा होता. तो गोंदियाला विम्याच्या कचेरीत नोकरीला. सुट्टीत हात लावायला यायचा. त्यानं आयुष्यभर आईची गाणी ऐकली होती, पण आईला स्वतःला काय हवं आहे ते गाण्यातून पहिल्यांदाच कानावर आलं.

कुडव्याला परतताना गाडीवर तो दीप्तीला म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत माय-बाबांना लंकेला नेऊ."

मग तयारी लागली. पासपोर्टसाठी गोंदियाला फोटो काढला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "माताजी, हँसना नहीं." सुमनबाई म्हणाली, "मी कुठं हासून राहिली?" आणि तिथंच हसली, फोटो पुन्हा काढावा लागला. ओमेश नावाचा ओळखीचा पोरगा सहली न्यायचा, त्यानं चौघांची तिकिटं काढली. दीप्ती दर रविवारी फोनवर अनुराधपुराची चित्रं दाखवायची. सोनेरी कठडा, त्यावर वाकलेली फांदी, फांदीला आधाराचे खांब, खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं ओंजळीत फुलं घेऊन उभी.

"झाडाले टेकू देल्ला," सुमनबाई म्हणाली. "म्हातारं झालं बिचारं." आणि जराशानं, "तिकडं खातेत काय?"

"भात. तिकडंही धानच पिकतं."

"मंग ठीक हाय. माहेरासारखं वाटलं असन तिले."

शेजारची सुमित्राबाई पाण्याला जाता-येता टोकायची. "लंकेले चालली म्हने वो सुमनबाई. दहा तोंडाचा भेटला तं कोन्या तोंडाशी बोलशीन?"

"जे तोंड कमी बोलत असन त्याच्याशी. इथं तं कान किटले."

सुमनबाईचा नवरा देवीदास बोलायचा कमी. पण त्यानं नवे बूट आणले होते, आणि सकाळी गोठ्यापर्यंत तो ते घालून जायचा. विमानात बसायचं तर पायाला सवय हवी, असं त्याचं म्हणणं.

तिकिटं काढताना संघदीपनं एक गोष्ट काळजीनं पाहिली होती. ती म्हणजे मंडई. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबीच्या कढया, आणि अंधार पडला की नाटक. दिलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. दिवाळीला एखादी चुकेल, मंडईला चुकत नाही. जाताना आई लेकीला नवं लुगडं देते, त्याला मंडईचं लुगडं म्हणतात. या गावाची मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. संघदीपला आठवतं तेव्हापासून तशीच. म्हणून त्यानं मंडई उरकून, दोन दिवस सोडून, निघायचं ठरवलं होतं. सालेकशाजवळ दिलेली त्याची मोठी बहीण अल्का येईल, लुगडं घेऊन जाईल, मग आई मोकळी.

पण मंडईचा दिवस कॅलेंडरात छापलेला नसतो. तो गाव बसून ठरवतं.

दसऱ्यानंतर चावडीवर बैठक झाली. देवीदास तिथून आला, बूट काढले, ओसरीत बसला. सुमनबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"नाटक कंपनीची तारीख भेटत नाई," तो म्हणाला. "मंडई कमिटीचा शालीकराम सोता वडस्याले, नाटकवाल्यांच्या गावाले जाऊन आला. दिवाळीच्या बाजूची एक बी तारीख खाली नाई. मंग गावानं म्हनलं, नाटकाबिना मंडई कायची? पुढं ढकलली."

"कोन्या दिवसावर?"

त्यानं सांगितलं. सुमनबाईचा हात सुपात थांबला. त्या दिवशी ते अनुराधपुराला असणार होते. तो दिवस तिला फोनवरच्या चित्रांसकट पाठ होता.

"तुमी काई बोलले नाई?"

"बोललो. शालीकराम म्हने, देवीदासभाऊ, एका घरासाठी गाव थांबवू का? खरं हाय त्याचं बी."

सुमनबाईनं एक खडा वेचला, अंगणात फेकला. "तुमी जा मंग. मी नाई येत."

संघदीप दुसऱ्याच दिवशी धावत आला. ओमेशनं त्याला साफ सांगितलं होतं, "भैया, अब तारीख नहीं बदलेगी." गाडी उभी करता करताच तो बोलायला लागला.

"माय, मंडईच आहे ना. दरसाल येते."

"लेक बी दरसालच येते."

"ताईला मी सांगतो. ती समजून घेईल."

"म्हनूनच सांगायचं नाई तिले. ते समजून घेईन, अन मंडईच्या दिवशी सासरी बसून राहीन. तुमी तिघं जा. त्या झाडाले माहा नमस्कार सांगा."

"अन काऊन नाही येत म्हणून सांगू झाडाला?"

सुमनबाई उठली, चुलीत काडी सारली.

देवीदासला कारण माहीत होतं. पण ते बायकोचं होतं, सांगायचं तर तिनंच. लेकरं लहान होती तेव्हाची गोष्ट. सुमनबाईचं माहेर तिरोड्याकडं. तिची आई वारल्यानंतरची ती पहिली मंडई. कडेवर संघदीप आणि पदराला धरलेली अल्का अशी ती माहेरी पोचली, तर दाराला कुलूप. भाऊ आपल्या सासुरवाडीच्या मंडईला गेला होता. निरोप द्यायचा राहून गेला असेल, किंवा आई नाही तर बहीण कशाला येईल असं वाटलं असेल. ती ओट्यावर बसून राहिली. मंडईची माणसं समोरून जात होती, ओळखीची माणसं नजर चुकवत होती. शेजारणीनं पाणी दिलं. उन्हं उतरल्यावर ती लेकरं घेऊन स्टेशनला परत आली. पुढं भावानं किती बोलावलं, पण ती मंडईला गेली नाही. आणि तिच्या स्वतःच्या घराला मंडईच्या दिवशी कुलूप लागलेलं कोणी पाहिलं नाही.

दीप्तीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की फोन पुढं केला की सासू मान फिरवते. कुडव्याला आल्यावर तिनं नवऱ्याला न विचारता अल्काला फोन लावला.

अल्का गाडीनं आमगावला उतरली, तिथून ऑटोनं घरी. हातात पिशवी नाही, डोक्यावर पदर नाही, नुसती आली.

"काऊन आलीस वो?" सुमनबाई दचकली. "घरी सगळे बरे हायेत ना?"

"सगळे बरे हायेत. तुलेच पाहाले आली. लंकेले नाई जाऊन राहिलीस म्हने."

"कोनं सांगितलं?"

"ज्यानं सांगितलं त्यानं बरं केलं." अल्का ओसरीत टेकली. "कोनासाठी नाई जाऊन राहिलीस? माह्यासाठी? मले विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? मंडईच्या दिवशी तू येशीन, अन दाराले..." सुमनबाई थांबली.

"कुलूप," अल्का म्हणाली.

चुलीवर भात खदखदत होता. देवीदास उठून उगाच गोठ्याकडं गेला.

"मी होती ना वो तिथं," अल्का हळू बोलली. "तुहा पदर धरून. तू रडली नाईस. मले म्हनलीस, मामा बजारात गेला असन. मले बरेच दिस वाटे, मामा अजून बजारातच हाय. मोठी झाली तवा समजलं."

सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं. लेकीला ते आठवत असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिच्या मनात तो ओटा एकटीचाच होता.

"किल्ली दे मले," अल्का म्हणाली. "भाऊबीजेलेच येतो. तुमी येतपर्यंत इथंच राहीन. मंडईच्या दिवशी दार मी उघडीन, सडा मी टाकीन. आत्या येईन, मावशी येईन, त्यांच्या पायावर पानी मी टाकीन."

"पाहुनीनं चूल पेटवायची? माहेरी येऊन?"

"एका साली पेटवली तं काय होते? सासरी रोज पेटवतोच ना. इथल्या चुलीचा धूर कोनता तिखट लागते?"

"लोकं म्हनतीन, माय फिराले गेली अन लेकीले राबवाले ठेवलं."

"म्हनू दे. सुमित्राकाकूले तेवढंच काम."

सुमनबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "आईबिना माहेर कसं लागते, तुले नाई माहीत."

"नाई माहीत. एक दिस माहीत करून घेईन. पुढं एकदा लागनच ना वो." अल्कानं हे सरळ सांगितलं, पाऊस येईल म्हणावं तसं. "फक्त दाराले कुलूप नाई पाहिजे. बाकी मी पाहून घेतो."

सुमनबाईनं चुलीवरचा भात खाली उतरवला. मग ती उठली. दारामागच्या खिळ्याला सुतळीत बांधलेली किल्ली होती. वापरातच नसायची, म्हणून गंज चढला होता. तिनं ती पदरानं पुसली, पण हातातच ठेवली.

"अन तुहं लुगडं? मंडईचं लुगडं मायनंच द्यायचं असते. आधी देता येत नाई, मागून देता येत नाई."

अल्कानं जरासा विचार केला. "या सालचं माहं लुगडं तिले दे."

"कोनाले?"

"जिच्यासाठी गानं बांधलंस तिले. दीप्ती फोनवर म्हनून दाखवत होती. इतक्या साली तिले मंडईचं लुगडं कोनी देल्लं असन? तू चाललीच हायेस, तं रिकाम्या हातानं कायले जातीस?"

सुमनबाईनं किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटवली.

दिवाळीच्या आधी ती आमगावच्या बाजारात गेली. इंद्रकुमारचं कापडाचं दुकान. त्याच्या बापाच्या काळापासून ती लुगडी तिथंच घ्यायची. त्यानं तिला पाहताच हिरव्या लुगड्यांचा गठ्ठा ओढला.

"अल्काबाईले हिरवंच आवडते ना, काकी."

"तिचं नाई या साली. पांढरं दाखव. काठ चांगला पाहिजे."

इंद्रकुमारचा हात थांबला. "लेकीले पांढरं, काकी?"

"आमच्यात नवरी बी पांढरंच नेसते, बाबू. तुले माहीत हाय. चार लग्नांचे कपडे तुह्याच दुकानानं देल्ले."

"हो, ते तं हाय." त्यानं शिडी लावली, वरच्या फळीवरून पांढरी लुगडी काढली. सुमनबाईनं एक उचललं, ठेवलं. दुसरं उजेडात नेऊन पोत बोटांत चोळून पाहिलं. एका लुगड्याच्या काठावर बारीक पानांची वेल होती. त्यावरून तिनं दोनदा हात फिरवला.

"हे दे."

इंद्रकुमारनं घडी घातली, कागदात गुंडाळलं, वर सुतळी बांधली. "मंग लगन हाय का कोनाचं?"

"नाई. मंडईचं हाय."

"अल्काबाई तं एकच लेक ना तुमाले? हे कोनती?"

"दूर देल्ली हे. पान्याच्या पलीकडं."

त्याला नातं लागेना. पण गिऱ्हाइकाला फार खोदून विचारायचं नसतं. गठ्ठा पुढं सरकवत तो सहज म्हणाला, "मंग ते कवा येनार मंडईले?"

सुमनबाईनं गठ्ठा काखेत धरला. बाहेर उन्हात ऑटोवाला आवाज देत होता.

"तिले येनं झालं नाई," ती म्हणाली. "म्हनून मीच चालली."