डाव्या चाकाची टकटक

मित्रांनो, माझं वय विचारलंत की मी गडबडते. माझं जन्मसाल कागदावर आहे, पण माझा डावा दरवाजा माझ्यापेक्षा थोरला आणि रेडिएटर म्हणजे कालचं पोर. दरवाजा भंगारबाजारातून, दुसऱ्या कुठल्याशा मोटारीचा काढून आणलेला. माझा रंग पांढरा, त्याचा पिवळट. उन्हात उभी राहिले की ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारखी दिसते. तर मी एक जुनी मोटार आहे, एवढं नक्की. त्यातली मी नेमकी किती उरले, हे मला अजून उमगलेलं नाही.

कारखान्यातही असाच घोळ होता. सरकत्या पट्ट्यावर माझ्यापुढे माझ्यासारखीच एक, मागेही तशीच एक. कुणीतरी काचेवर खडूने आकडा लिहिला, तेव्हा कुठे मला वाटलं की ही मी असावी. पुढे एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांनी मला घेतलं. ड्रायव्हर रोज मला पुसून लख्ख करायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘काय गाडी आहे!’ मग एके दिवशी माझ्याशेजारी नवी गाडी येऊन उभी राहिली आणि माझ्या अंगावर ताडपत्री पडली. माझं काय चुकलं, हे कुणी सांगितलं नाही. उंदरांनी तारा कुरतडल्या, टायर बसले. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला बाईंनी नेलं. बाई परिचारिका. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. त्यांचे बरेचसे रोगी गावाबाहेरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायचे. तिथे बस जात नव्हती आणि नवी गाडी घेणं घराला झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी मला जपलं. रोज सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी जुन्या फडक्याने पुसून बघायच्या. टायरची हवा, रेडिएटरचं पाणी, सगळं स्वतः. चिखलातून आल्या की पाइप घेऊन माझं पोटसुद्धा धुवायच्या. शेजारचे विचारायचे, “ही अजून चालते?” बाई म्हणायच्या, “चालते कसली, पळते.” मित्रांनो, माझी खरी उमेदीची वर्षं तीच. तोपर्यंत इतकी धावले होते की अंतर मोजणारे आकडेसुद्धा दमून बसले होते.

मग तो आवाज सुरू झाला.

डोंगर उतरताना एका खड्ड्यावर आला. टक. मग टक-टक. बाईंनी मान तिरकी करून कान दिला. मीही आत शोधायला लागले. माणसाचा दात दुखला तर कोणता ते त्याला कळतं. मला काही कळेना. इंजिनात वाजतंय की चाकात, की त्या परक्या दरवाजात?

बाईंचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस साधा, पण खात्री पटल्याशिवाय मान डोलवायचा नाही. संध्याकाळी ते बाईंच्या शेजारी बसले आणि आम्ही त्याच रस्त्याने गेलो. तेच खड्डे. आवाज नाही.

“कुठे आहे?” मास्तरांनी विचारलं.

“सकाळी होता हो.”

“बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ मला लागला नाही. बाईंना लागला असावा, कारण घरी आल्यावर त्यांनी माझं दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्या होत्या आणि मी टकटक करत होते. नंतर त्यांनी मला मिस्त्रीकडे नेलं. त्याने स्वतः गाडी चालवली, बाई आवाज दाखवायला शेजारी बसल्या. मी गप्प. मला वाजायचं होतं, मित्रांनो, पण वाजणं माझ्या हातात नव्हतं. मिस्त्री म्हणाला, “सायलेन्सर सैल असेल,” आणि तो बदलला. आवाज राहिलाच. दुसऱ्या मिस्त्रीने नुसतं वर्णन ऐकून मागचे शॉकअॅब्सॉर्बर बदलले. माझे चांगले अवयव जात होते, दुखणं जागेवर होतं. मला तर शंका येऊ लागली की आवाज मी करतच नसेन.

“अगं, तुला झोप पुरत नाही,” मास्तर एकदा म्हणाले. “दिवसभर रोग्यांचं कण्हणं ऐकतेस. भास होतो माणसाला.”

ते प्रेमानेच बोलले होते. पण बाई कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. त्यावर बाईंना बरं वाटायला हवं होतं ना? त्या आणखी हिरमुसल्या. कान उत्तम, गाडी उत्तम, मग बिघडलंय ते काय? त्यानंतर डोंगर उतरताना त्या रेडिओ मोठा लावू लागल्या. सकाळी बॉनेट उघडून बघणं बंद झालं. ऑइलची पट्टी कोरडी पडत चालली. एक दिवस भंगारवाला माझ्याभोवती फेरी मारून गेला. मास्तर त्याला म्हणाले, “परीक्षा संपल्या की बघू.” बाई दारात उभ्या होत्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्याच सुमारास बाईंच्या सासूबाईंचा पाय मोडला होता. प्लास्टर काढायच्या दिवशी त्या मागच्या सीटवर पाय लांब करून, माझ्या दाराला टेकून बसल्या. एरवी त्या पुढे बसत. दवाखान्याच्या वाटेवर रस्ता खणलेला होता.

टक. टक-टक.

“अगं सूनबाई, हे काय वाजतंय?”

बाईंनी ब्रेक इतका जोरात दाबला की मीही दचकले.

“आई, तुम्हाला ऐकू आलं?”

“म्हातारी झालेय, बहिरी नाही झाले. पुढून येतंय. डावीकडून.”

बाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मला वाटलं त्यांना चक्कर आली. सासूबाईंनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना प्लास्टर निघालेलं होतं, म्हणून सासूबाई नेहमीसारख्या पुढे बसल्या. खणलेला रस्ता आला. आवाज नाही. बाईंचा चेहरा पुन्हा पडला.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “मी मागे जाते.” काठी टेकत त्या मागे गेल्या. टक-टक. मग पुन्हा पुढे आल्या. शांत.

“म्हणजे मी शेजारी बसले की ही गप्प,” त्या म्हणाल्या. “अगदी माझ्या मुलावर गेलीय.”

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. घरी न जाता त्यांनी मला थेट पहिल्या मिस्त्रीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने मला जॅकवर उचललं, पुढचं डावं चाक धरून हलवलं. ते हिंदकळलं. चाकाला धरून ठेवणारा सांधा झिजला होता. शेजारी कुणी बसलं की वजनाने तो दबून बसायचा. ती जागा रिकामी असली की मोकळा व्हायचा.

निरोप मिळाल्यावर मास्तर शाळेतून परस्पर आले. त्यांनी स्वतः चाक हलवून बघितलं.

“उतारावर निसटला असता तर?” त्यांनी विचारलं.

“चाक आडवं झालं असतं,” मिस्त्री म्हणाला. “आणि पुढे दरी.”

मास्तर बराच वेळ चाकाजवळून उठले नाहीत.

मित्रांनो, तो सांधा म्हणजे मुठीएवढा तुकडा. सायलेन्सर आणि शॉकअॅब्सॉर्बरपुढे त्याचा खर्च किरकोळ होता. संध्याकाळच्या आत मी बरी झाले. सुट्टीच्या दिवशी मास्तर आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसले. “चल, डोंगरावर जाऊ. तू चालव,” म्हणाले. आम्ही चढलो, उतरलो. कुठेच काही वाजलं नाही.

“मी तुला खोटं पाडलं,” मास्तर म्हणाले.

“खोटं कुठे म्हणालात? भास होतो म्हणालात.”

“ते जास्त वाईट.”

बाईंनी गिअर बदलला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी पुन्हा गोंधळले. आवाज गेला होता, भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं होतं, मग आता रडायचं कशासाठी? माणसांची यंत्रं मला कळत नाहीत.

मी अजून चालते आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी तेलपाणी करा, बारीक आवाजालाही कान द्या. आणि कुणी सांगितलं की काहीतरी वाजतंय, आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, तर त्याला वेड्यात काढू नका. आधी उठा, आणि आपली बसायची जागा बदलून बघा.