गाडीतला चिवड्याचा डबा

डिकीत ठेवायला मोठा डबा हवा होता, आणि घट्ट झाकणाचा डबा घरात एकच होता, दिवाळीच्या चिवड्याचा. मी तो दोनदा घासला, उन्हात वाळवला. तरी बँडेजला लसणाचा वास लागायचा तो लागलाच.

सुप्याच्या कंपनीत मला प्रथमोपचार शिकवलेत. तेव्हापासून मी फार शहाणा झालोय असं घरात म्हणतात, आणि कौतुकानं म्हणत नाहीत. कापूस, बँडेज, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध, कात्री, टॉर्च, सगळं मी डब्यात लावलं. गाडी थांबली तर मागे रस्त्यावर उभा करायचा लाल त्रिकोणही बाजूला ठेवला. माझ्या बायकोला, स्नेहलला, नववा महिना लागला होता. देवळाली प्रवऱ्याहून राहुरीचा दवाखाना काही लांब नाही, पण उसाचा हंगाम सुरू झाला की रस्ता ट्रॉल्यांच्या मालकीचा होतो.

"संकटाला आवतन देतोय का रं, अंगद?" आई म्हणाली.

मी चिडलो नाही, कारण तिचं दुखणं मला माहीत होतं. बाळ यायच्या आधी त्याचं काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं ती आयुष्यात एकदाच मोडली. स्नेहलचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईनं हौसेनं कुंची शिवली, दुपटी शिवली आणि पिशवी भरून पाठवली. ते बाळ रडलंच नाही. पिशवी गेली तशीच परत आली. त्या पिशवीचं आईनं काय केलं हे आम्ही कधी विचारलं नाही, पण सुईला तिनं पुन्हा हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता. म्हणून या खेपेला घरात बाळाचं नखभरही काही नव्हतं. माझा डबा तेवढा होता, आणि तो आईच्या डोळ्यांत सलत होता.

डब्याची जागा रोज हलायची. एकदा उघडून पाहिला तर कापसाची गुंडाळी निम्मी झालेली.

"वातींना घेतलास ना?"

"घेतला. देवाला लागत न्हाई व्हय?"

"आई, डब्याला हात लावू नकोस. स्नेहलच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आन् माझा जीव कुठं हाय रं?" एवढंच म्हणून ती आत गेली. मला वाईट वाटलं, पण शहाणपण मोठं होतं. मी नवा कापूस आणून वर ठेवला.

पौषातल्या एका सकाळी स्नेहलच्या कळा सुरू झाल्या. धुकं इतकं दाट होतं की आमच्या दारातला शेवगाही नाहीसा झाला होता. मागच्या सीटवर आईनं स्नेहलचं डोकं मांडीवर घेतलं. डिकीतला डबा मात्र तिनं आधीच काढून पायाशी ठेवला होता.

गाडी चालतेय की उभी आहे, तेच कळेना. बाभळी रस्त्याकडेला यायच्या, आमच्याकडे बघायच्या आणि मागे विरून जायच्या. कालव्यातून वाफ उठत होती. कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास काचा लावूनही आत येत होता. स्नेहल डोळे मिटून म्हणाली, "अहो, मला वाटतंय आपण पाण्याखालून चाललोय." मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, छानही वाटलं. हे धुकं संपूच नये, म्हणजे दवाखाना येणार नाही, म्हणजे काही कळणारही नाही, असं क्षणभर वाटून गेलं.

धुक्यातून एकदम ऊस समोर आला. ट्रॉली कलंडली होती आणि रस्ताभर मोळ्या पडल्या होत्या. मी ब्रेक दाबला, मागे पळत जाऊन त्रिकोण उभा केला. तोडणीवाली माणसं मोळ्या उचलत होती. त्यांच्यातल्या एका बाईनं काचेतून आत पाहिलं आणि ओरडली, "रामहरी, बाई अडली हाय गाडीत! आधी वाट करा!"

मोळ्या धुक्यात भराभर नाहीशा व्हायला लागल्या. ट्रॉलीच्या पत्र्यानं रामहरीचा तळहात कापला. मी डब्याकडे हात नेला, तर आईनं तो ओढूनच घेतला. "मी देते!" झाकण जरासं उचलून तिनं बँडेज काढलं आणि पुन्हा दाबून बंद केलं. मला त्याही वेळी राग आला. रामहरीचा हात बांधला, तोवर एका गाडीपुरती वाट झाली होती.

दवाखान्यात स्नेहलला आत नेलं. आई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. दोघांचे कान तेवढे दाराशी होते.

आणि रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, थांबायचं नाव न घेणारं.

नर्सनं दार उघडलं. "मुलगी झाली. बाळाला गुंडाळायला कापड द्या."

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. "कापड? आम्ही काहीच आणलं नाही."

आईनं डबा उघडला. कापूस, बँडेज, कात्री, सगळं बाकावर ठेवलं. तळाला वर्तमानपत्र होतं. ते उचललं तर खाली माझ्या आजीचं लुगडं निघालं. नव्वदी पार केलेल्या आजीचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याची दुपटी केली होती. आणि दोन पदरांत कापूस पसरून, बारीक टाके घालून एक इवलीशी गोधडी. वातींना गेलेला कापूस तो हाच.

"आई, तू शिवलंस?"

"हळू बोल." तिनं वर छताकडे पाहिलं. "नवं काय न्हाई त्यात, समदं जुनंच हाय. आन् डबा औषधाचा हाय. बाळाचं हाय म्हनून कुनाला कळतंय?"

मला रडू आवरेना. मी तिच्यापासून जपत होतो तो डबा तीच माझ्यापासून जपत होती.

थोड्या वेळानं नर्स बाळाला घेऊन आली आणि नाक मुरडत म्हणाली, "आजी, गोधडीला लसणाचा वास कसा हो?"

आईनं नात छातीशी धरली, वास घेतला आणि इतक्या वर्षांनी मोकळं हसली. "येऊ दे की," ती म्हणाली. "आता कळलं तर कळू दे समद्यांना."