राखीचा ढावलो

माझी नणंद राखी टीव्हीवर रडली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने रुमाल बाहेर काढले. महाराष्ट्राला रुमाल काढायला काय लागतं? समोर एक गरीब घर दाखवा, मागे बासरी लावा, झालं काम.

आमचं घर गरीब नाही, हे आधी सांगून टाकते. बोरी अरबच्या पुढे आमचा तांडा आहे. सासरे रामधन यांचं ओलिताचं शेत आहे, दारात ट्रॅक्टर आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत राखीची निवड झाली आणि चॅनेलची माणसं तिच्या घरचं शूटिंग करायला आली, तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तो ट्रॅक्टर गल्लीच्या पलीकडे न्यायला लावला. मग सासऱ्यांना शेजारच्या बकऱ्यांच्या गोठ्यासमोर बसवलं आणि सांगितलं, "बाबा, जरा लांब बघा." सासरे दिवसभर लांब बघत बसले. कार्यक्रमात तो गोठा आमचं घर म्हणून दिसला. गोठ्याचा मालक अजून आम्हाला भाडं मागतो.

राखीचा आवाज मात्र खरा होता. त्यात खोट काढणाऱ्याची जीभ झडेल. पण स्पर्धेत नुसता आवाज घेऊन काय करता? तिथे सगळेच आवाज घेऊन आले होते. चार-पाच आठवडे राखीने सिनेमातली गाणी म्हटली, परीक्षक "छान, छान" म्हणत पाणी पीत राहिले. मग कार्यक्रम लिहिणारा एक चष्मेवाला तिला म्हणाला, "तुमच्या समाजातलं काही नाही का?" आणि भोळ्या राखीने त्याला ढावलो सांगितला.

आम्हा बंजाऱ्यांत लेक सासरी निघाली की मायच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात हात टाकून रडत गाते. तो ढावलो. लग्न ठरलं की जुन्या बाया पोरीला जवळ बसवून तो शिकवतात. शब्द शिकवतात, चाल शिकवतात. रडू शिकवत नाहीत, ते पोरीने आपलं आपण आणायचं असतं. ढावलोला कोणी टाळ्या वाजवत नाही. ऐकणारी बाई रडते, आणि ज्या मायच्या गळ्यात लेक पडली ती माय तो ढावलो मरेपर्यंत विसरत नाही. माझ्या सासूबाईंचं, हंसाबाईंचं, लग्न झालं आणि वर्षाच्या आत त्यांची माय गेली. त्या नेहमी म्हणायच्या, "लगन झालं का लेक लोकाईची. ढावलो तेवढा मायचा." राखीच्या जन्मापासून सासूबाई त्या एका मिठीची वाट बघत होत्या.

कुवारीने ढावलो गायचा नसतो, अपशकुन असतो, असं तांड्याचे नायक हरिसिंग यांनी बजावलं. दोन दिवस मोठा वाद झाला. मग चष्मेवाल्याचा फोन आला की नायकांना पगडी बांधून पहिल्या रांगेत बसवू. अपशकुन जो पळाला, तो अजून सापडलेला नाही.

शूटिंगला आम्ही सगळे गेलो. राखीला घर सोडून दोन महिने झाले होते. मुद्दाम मायलेकींना भेटू दिलं नाही. सासूबाईंना मागच्या खोलीत एसीच्या गारठ्यात बसवून ठेवलं. मग राखी गायला लागली आणि अचानक पडदा बाजूला करून सासूबाईंना पुढे ढकललं. राखीने "याडी ये" म्हणून जी हाक मारली, ती लिहून दिलेली नव्हती. आमच्यात आईला याडी म्हणतात. ती धावत येऊन मायच्या गळ्यात पडली आणि दोघी अशा रडल्या की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. त्या सगळ्या कार्यक्रमात तेवढंच एक खरं होतं. एक परीक्षक बाई कॅमेरा आपल्याकडे वळेपर्यंत डोळे न पुसता थांबल्या होत्या, ते मी पाहिलं.

राखी पाचवी आली. गावात फ्लेक्स लागला, त्यात निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या सगळ्यांचे चेहरे परातीएवढे, आणि राखीचा फोटो कोपऱ्यात पासपोर्टएवढा. जो तो सांगे, "माया मतानं पोट्टी पाचवी आली." त्या हिशेबाने तिला दिल्लीचं सरकार मिळायला हवं होतं. मत दिलं म्हणून बारशाला गा, मत दिलं म्हणून मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला गा.

मग देवीलाल आला. दारव्ह्याला त्याचा ऑर्केस्ट्रा आहे. डोक्याला मेंदी, बोटांत ग्रहांच्या अंगठ्या, आणि तोंडात कायम "आपली राखी". स्पर्धेत जो पोरगा पहिला आला, त्याचं सहा महिन्यांत सगळं थंड झालं, तर त्यानेही देवीलालला काम मागायला फोन केला होता. देवीलालने त्याला विचारलं, "रडता येते काय?" बिचाऱ्याला नुसतं गाता येत होतं.

राखीला रडता येत होतं. दिग्रस, नेर, आर्णी, पुसद, कुठे म्हणून तिने ढावलो केला नाही! पहिल्या रांगेतून एखाद्या बाईला स्टेजवर बोलवायचं, तिच्या गळ्यात हात टाकायचे आणि रडायचं. एका आमदाराच्या वाढदिवसाला त्याच्या बायकोच्या गळ्यात टाकले. त्या बाईने आधी दागिने नीट केले, मग गळा पुढे केला. लोक टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत, "वन्स मोर" ओरडत. ढावलोला वन्स मोर! आणि राखी पुन्हा रडायची. दुसरं गाणं म्हणू का, असं ती सुरुवातीला देवीलालला विचारायची. तो म्हणायचा, "दुसरे गाणे म्हनायले लय लोक हायेत बाई."

पहिले काही कार्यक्रम डोळ्यांतून पाणी येत होतं. मग आटलं. विहीर आटते, मग डोळ्यांचं काय? देवीलालने डोकेदुखीच्या बामची डबी आणून दिली. डोळ्याखाली बोट फिरवलं की धारा. पुढे त्याने टीव्हीवरचा तो ढावलो उचलून त्याखाली ढोल घातला आणि डीजेचं गाणं बनवलं. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी एक वरात त्याच्याशिवाय निघाली नाही. लेक मायच्या गळ्यात पडून रडते आहे, आणि पोट्टे त्यावर शर्ट काढून नाचत आहेत. आपल्या लोकांना कशावर नाचावं याचं भान कधी होतं, ते आता येईल?

सासूबाई त्या वराती दिसल्या की दार लावून घ्यायच्या.

राखीचं लग्न दिग्रसकडच्या एका तांड्यात ठरलं. नवरदेवाला मुलगी आवडली की तिचे फॉलोअर, हे मी विचारलं नाही. तो बघायला आला तेव्हा तिच्याशी बोलायच्या आधी त्याने तिच्यासोबत सेल्फी काढला, त्यात मला उत्तर मिळालं. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. त्यांनी तांड्यातल्या लालीबाईला बोलावून घेतलं आणि राखीला म्हणाल्या, "आता बस इच्याजवळ. आपला ढावलो शिकून घे."

राखी हसली. "मले कायले शिकवता याडी? मी तं हजार खेपा गायली."

"ते लोकाईचे होते," सासूबाई म्हणाल्या. "माया एकबी नाई."

"टीव्हीवर?"

"ते तुया लगनाचं होतं काय? तुले तवा कोन्त्या सासरी पाठवली मी?"

राखी गुपचूप लालीबाईजवळ जाऊन बसली. दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघी अंगणात तूर पाखडत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "भोजाई, मले रडूच येत नाई व."

मी म्हटलं, "अजून कुठी चालली तू? निघतानी येईन."

"नाई येत. मी पाहून राह्यली. याडीचा चेहरा डोयापुढं आनते, तं मले स्टेजच दिसते, समोरच्या खुर्च्या दिसतात." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पन बाम लावून मी याडीच्या गळ्यात पडनार नाई. तुयी आन."

मला त्या क्षणी त्या देवीलालला, त्या चष्मेवाल्याला आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायांना एका ओळीत उभं करून झोडावंसं वाटलं. पण हातात सूप होतं आणि समोर कोणी नव्हतं.

लग्नाच्या दिवशी देवीलाल न बोलावता साउंड घेऊन हजर. "आपल्या राखीले माया आहेर," म्हणाला. आहेरासोबत कॅमेरावाला होता आणि देवीलालच्या यूट्यूब चॅनेलवर लाइव्ह चालू होतं. जेवणं झाली, निघायची वेळ झाली, तसा सगळा मांडव पुढे सरकला. मोबाइल वर गेले. ज्या बाया माझ्या लग्नात ढावलो ऐकून पदर तोंडात कोंबून रडल्या होत्या, त्याच आता एका हाताने शेजारणीला बाजूला सारत होत्या, फ्रेममध्ये येते म्हणून.

देवीलालने राखीच्या हातात माइक दिला. तिने तो परत केला. मग सासूबाईंच्या गळ्यात हात टाकून ती गायला लागली.

आवाज कुठे हलला नाही. लालीबाईने शिकवलेला एक शब्द चुकला नाही. सासूबाईंचे डोळे भरले होते, पण त्या थांबल्या होत्या; लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. राखीचे डोळे कोरडे ठक्क. मागून कोणी म्हणालं, "रड ना व!" दुसरं म्हणालं, "आवाज येत नाई, माइक घ्या माइक!" देवीलालने माझ्या हातात बामची डबी सरकवली. "वैनी, लावून द्या जरा तिले. लाइव चालू हाये."

मी ती डबी अशी भिरकावली की ती मांडवाबाहेरच्या उकिरड्यात पडली.

राखी मधेच गायची थांबली. म्हणाली, "याडी, येत नाई मले."

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली, ते असं गळ्यात येऊन कोरडंच राहिलं. एवढंच म्हणाल्या, "राहू दे बाई. जाय. उशीर होते."

लोकांनी मोबाइल खिशात टाकले. "टीव्हीवर कशी रडली, आन मायजवळ पाहा," एक जण म्हणाली. दुसरीने दात कोरत मान हलवली. पैसे वाया गेल्यासारखे सगळ्यांचे चेहरे, जेवण तर फुकट होतं!

राखीची गाडी निघाली, तशी नवरदेवाकडच्या पोट्ट्यांनी डीजे सुरू केला. गाणं कोणतं लावावं? तिचंच. नवरी पुढे गाडीत कोरड्या डोळ्यांनी बसलेली आणि मागे टेम्पोवर तिचंच रडणं. ढोल सुरू व्हायच्या आधी त्या गाण्यात थोडी जागा आहे. तिथे टीव्हीवरची ती हाक जशीच्या तशी ठेवली आहे. "याडी ये..."

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. ती हाक ऐकली आणि त्या चालायला लागल्या. मी पदर धरला, त्यांनी सोडवून घेतला. नाचणाऱ्या पोट्ट्यांमधून त्या सरळ त्या टेम्पोपाशी गेल्या, स्पीकरच्या डब्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, त्याला गाल लावला आणि मोठ्याने रडायला लागल्या. ढोल सुरू झाला, डबा हादरायला लागला, तरी त्यांनी सोडलं नाही. पोट्ट्यांना वाटलं मावशी नाचायला आली. त्यांनी भोवती कडं केलं.

मी त्यांना ओढून आणेपर्यंत देवीलालच्या कॅमेरावाल्याने सगळं टिपून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला होता. खाली लोकांनी रडणारे चेहरे टाकले होते. आठवडाभरात देवीलाल स्वतः घरी आला, पेढे घेऊन. आर्णीला मोठा कार्यक्रम होता. सासऱ्यांना म्हणाला, "मायलेकी एकाच स्टेजवर, भाऊ. लोक येडे होतीन."

सासरे लांब बघत बसले. ते त्यांना आता चांगलं जमतं. मी मात्र गप्प बसले नाही. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोनी खानारे तुमी लोक," मी म्हटलं. "पेढे उचला आन निघा."

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी देवीलालला विचारलं, "राखी येईन काय तिथं?"

"येईन ना मावशी. आता तिचे सगळे कार्यक्रम तिचा नवराच पाह्यते. त्याचा होकार कवाच आला."

"माया गळ्यात पडन?"

"तोच तं आयटम हाये."

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, झाडू आणायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात टीव्हीच्या दिवशी नेसलेली हिरवी साडी होती. त्यांनी मला विचारलं, इस्त्री कुठे ठेवली आहे.