बिब्ब्याच्या चार फुल्या

सकाळपासून शरणम्माला चार वेळा तहान लागली आणि चारही वेळा तांब्या तोंडाला न लावताच तिनं खाली ठेवला. फोन दुपारी अडीचला येणार होता. पण बाईनं साडेअकरालाच ताट बाजूला सारलं, धुतलेलं इरकल नेसली, कपाळाला विभूती लावली आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून त्याच्या समोर बसली.

"अजून तीन तास हायत की वो," शेजारची प्रेमाबाई म्हणाली.

"असू दे. फोन वाजला आन म्या मोरीत असले तर? लेकराचं वाटोळं करायचंय का?"

प्रेमाबाई गप बसली. जळकोटात हायवेच्या अलीकडची ती सगळी आळी गेले तीन आठवडे गपच होती म्हणा ना. शंभूचं ऐकल्यापासून कुणी शरणम्माच्या दारात मोठ्यानं हसलं नव्हतं.

शंभू म्हणजे शरणम्माचा नातू, नऊ महिन्यांचा. तिचा एकुलता एक लेक राजशेखर बायकोला घेऊन डेन्मार्कला नोकरीला गेला, आणि शंभू तिकडंच झाला. एकोणीस दिवसांखाली तिथल्या सरकारी बायांनी ते लेकरू पाळणाघरातूनच उचललं आणि कुणा परक्या बाईच्या घरी नेऊन ठेवलं. का, तर त्याच्या पोटावर डागल्याच्या खुणा सापडल्या म्हणून. आणि त्या खुणा शरणम्माच्या हातच्या होत्या.

आज त्याच सरकारी बाया तिला फोनवर विचारणार होत्या. राजशेखरनं तिच्याकडून चार दिवस घोकून घेतलं होतं. वाक्यं तीनच. बिब्बा म्या लावला. लेकराचे आईबाप तवा घरात नव्हते, धाराशिवला कापड घ्यायला गेलते. त्यांना न विचारता म्या लावला. एवढं बोलायचं आणि तोंड मिटायचं. तिकडच्या वकिलानं साफ सांगितलं होतं की आईबापांना काही माहीत नव्हतं असं ठरलं, तर लेकरू घरी येईल. नाही ठरलं, तर काही सांगता येत नाही.

तीनातलं पहिलं वाक्य खरं होतं. उरलेली दोन्ही खोटी. गळ्यात लिंग बांधलेल्या बाईनं खोटं बोलायचं म्हणजे काय थट्टा आहे का? सकाळच्या पूजेला शरणम्मानं लिंग तळहातावर घेतलं आणि आधीच माफी मागून ठेवली. "एवढ्या बारीला चालवून घे रे शिवा," म्हणाली, "पुन्हा न्हाय मागणार."

ह्या मोबाईलची तरी तिला कुठं सवय होती? पण नातू झाला तशी ती हट्टानं शिकली. रोज दुपारी साडेबाराला फोन यायचा. तिकडं तेव्हा सकाळचे आठ. सोनाली, म्हणजे सून, फोन खिडकीत उभा करायची आणि शंभूला भांडी घासायच्या बेसिनमधे आंघोळ घालायची. शरणम्मा इकडून ओरडायची, "अगं टाळूवर तेल घाल की! मान धर, मान!" सोनाली हसायची. मग बिचारी लेकराला चार-चार कपड्यांत गुंडाळायची, गाडीत घालायची आणि पाळणाघरात सोडून स्वतः कामावर पळायची. घरात दुसरं माणूस नाही, दारात शेजारी नाही. ताप आला तर दोघांपैकी एकानं रजा टाकायची. एकदा सोनालीनं पाळणाघराचा फोटो दाखवला. अंगणात बर्फ, आणि त्या बर्फात सात-आठ गाड्या ओळीनं उभ्या, आत लेकरं झोपलेली.

"अय्यो शिवा!" शरणम्मा किंचाळलीच. "लेकरं भाईर टाकलीत का काय?"

"इथं असंच झोपवतात, आई. गार हवेत लेकरं निरोगी राहतात म्हणे."

शरणम्माला ते चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पण तिनं मनाची समजूत घातली. त्यांचा मुलूख, त्यांची रीत. आपण कोण बोलणार?

जानेवारीत जावळ काढायला तिघं गावी आले. येरमाळ्याला येडाईपुढं मामाच्या मांडीवर जावळ निघालं, आळीभर पुरणपोळी झाली, सगळं कसं साजरं झालं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शंभू रडायला लागला. पोट टम्म, पाय पोटाशी, अंगावर पिईना. तिकडून आणलेले थेंब दिले, तुळजापूरच्या डॉक्टरचं औषध दिलं, काही उपयोग नाही. दिवेलागणीपर्यंत लेकराचा आवाज बसला तरी रडणं थांबेना. सोनाली त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून थकली आणि भिंतीला टेकून स्वतःच रडायला लागली.

तेव्हा शरणम्मानं फडताळातून बिब्बा काढला.

ह्या मुलखात पोट धरलेल्या लेकराला बिब्ब्याची फुली घालतात. दाभणाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दाभणाच्या टोकानं बेंबीच्या चार बाजूंना चार फुल्या. चटका बसतो, खोटं कशाला बोला? पण राजशेखरच्या पोटावर त्या खुणा होत्या, शरणम्माच्या होत्या, आणि लातूरच्या कॉलेजात इंजिनियर झालेल्या सोनालीच्याही पोटावर होत्या. "नको आई, तिकडं चालत नाही असलं," असं सोनाली एकदाच म्हणाली. मग शंभूनं पुन्हा पाय आखडून टाहो फोडला, आणि तिनं पदरानं डोळे पुसून लेकराला मांडीवर आडवं घेतलं. "घाला," म्हणाली. "पण पटकन घाला."

लेकराचे दोन्ही पाय तिनं स्वतः धरले. दिवा राजशेखरनं धरला. फुल्या घालून झाल्यावर सोनालीनं लेकराला छातीशी घेतलं, ते घटकाभर हुंदकलं, प्यायलं आणि झोपलं. त्या दिवशी सगळ्यांना शरणम्मा देवासारखी वाटली. राजशेखर म्हणाला, "अव्वा, तू आमच्याजवळ पायजे व्हतीस बघ."

पण बिब्बा उतला. परत गेल्यावर चारही फुल्या फुगल्या, पाणी धरलं. पाळणाघरातल्या बाईनं लंगोट बदलताना ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून फोन लावला. आणि राजशेखर, अकलेचा कांदा, घाबरून म्हणाला की काहीतरी अंगावर उठलंय! तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की हे उठलेलं नाही, हे भाजलेलं आहे, आणि कुणीतरी ठरवून भाजलेलं आहे. झालं! पहिल्याच दिवशी आईबाप खोटारडे ठरले.

सोनाली आदल्या दिवशी फोनवर बोलली तेव्हा तिच्या अंगातलं झंपर पुढून ओलं झालेलं दिसत होतं. दूध अजून आटलं नव्हतं. "आई, सगळं तुमच्यावर ढकलायलोय आम्ही," ती म्हणाली. "मला माफ करा."

"येडी का काय तू? माझ्यावर काय ढकलायचं, म्याच केलंय. मला काय तिकडनं येऊन फाशी देतेत का? म्हाताऱ्या बाईला इथं कोण इचारतंय! तू लेकराचं बघ."

अडीचच्या ठोक्याला फोन वाजला. पडद्यावर आखूड केसांची एक गोरी बाई आली, हसऱ्या तोंडाची. शेजारच्या चौकोनात एक चष्मेवाला माणूस. तो शहरी मराठीत म्हणाला, "नमस्कार आजी. मी दुभाषा. त्या काय विचारतील ते मी तुम्हाला सांगेन आणि तुमचं उत्तर त्यांना सांगेन. जे तुम्ही बोलाल तेच. राजशेखर आणि सोनाली ह्या फोनवर नाहीत."

शरणम्मानं तीन वाक्यं म्हटली, एकही न अडखळता. गोऱ्या बाईनं लिहून घेतलं, मान डोलावली, आभार मानले. शरणम्माला वाटलं, सुटलो. पण बाई पुढं विचारायला लागली.

"त्या विचारताहेत, बाळ तेव्हा किती वेळ रडत होतं?"

"तिसऱ्या प्रहरापासनं. दिवेलागण झाली तरी थांबंना."

"बाळ तेव्हा आईच्या दुधावर होतं का?"

"व्हय. तिच्याच अंगावर."

"मग बाळ इतकं आजारी असताना आई त्याला सोडून कापड घ्यायला गेली?"

हे घोकलेल्यात नव्हतं.

"आई नेहमी बाळाला असं सोडून जाते का? तिला बाळाचं रडणं सहन होत नाही का? त्या विचारताहेत, घरी आल्यावर तिनं बाळाचे कपडे बदलले नाहीत का? चार जखमा तिला दिसल्या नाहीत? की दिसल्या आणि तिनं काही विचारलंच नाही?"

आता शरणम्माचं डोकं तडकलं. ही कोण टिकोजी बाई, जिनं माझ्या सुनेला एकदा धड पाहिलं नसेल, ती तिला बेफिकीर म्हणते? ज्या पोरीनं अनोळखी मुलखात, शेजार ना पाजार, रात्र रात्र जागून एकटीनं लेकरू सांभाळलं, ती आजारी लेकरू टाकून बाजार हिंडणारी? आणि हे हिनं लिहून घेतलं, तर असल्या आईला लेकरू परत देईल का कुणी? त्या क्षणी तीन वाक्यं, वकील, धाराशिवचं कापड, सगळं तिच्या डोक्यातून पार निघून गेलं. सुनेच्या आईपणाला बट्टा लागत होता, आणि सासू समोर बसून ऐकत होती.

"ओ बाई!" ती फोनवर झुकून म्हणाली. "तोंड सांभाळून बोला. माझी सून लेकराला सोडून जाणाऱ्यातली न्हाय! तिच्याच मांडीवर हुतं लेकरू. म्या फुल्या घालस्तवर तिनं त्याचे पाय धरले, अशे, दोन्ही हातानं. डोळ्याला धार लागली हुती तिच्या, तरी हात सोडला न्हाय. आई म्हणतेत त्याला!"

दुभाषा थांबला. चष्मा काढला, पुन्हा घातला. "आजी, परत एकदा सांगता का? सावकाश. नीट विचार करून सांगा."

शरणम्माला वाटलं, ह्या शहरी माणसाला आपली भाषा कळली नाही. मग तिनं आणखी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सगळं पुन्हा सांगितलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं. दुभाष्यानं ते त्या भाषेत सांगितलं. गोरी बाई हसायची थांबली होती. तिनं हळू आवाजात एकच विचारलं.

"आणि वडील कुठे होते?"

"बाप बी हुताच की! लेकरू तळमळताना बाप कुठं जातोय? दिवा त्यानंच धरला हुता."

बाईनं लिहून घेतलं. आभार मानले. पडदा काळा झाला.

शरणम्मा घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली. छाती कशी हलकी झाली होती. खोटं बोलावं लागलं नाही, आणि सुनेची बाजूही राखली. प्रेमाबाई दारातच उभी होती. तिला ओढून आत घेत शरणम्मा म्हणाली, "चांगली झापली बघ! म्हणलं, माझ्या सुनेसारखी आई तुमच्या मुलखात दाखवा. पाय धरून बसली हुती म्हणलं, जागची हालली न्हाय."

प्रेमाबाईच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं. "अवो शरणम्मा," ती म्हणाली, "पण ती दोघं घरात नव्हती म्हणायचं हुतं न्हवं?"

शरणम्मानं मोबाईल पुन्हा उचलला.

तिनं राजशेखरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. "त्यांना परत लावून दे, म्या बदलून सांगते," असं ती त्या वाजत्या फोनलाच सांगत होती. पाचच्या सुमाराला त्याचा फोन आला. तो ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अव्वा, तीनच वाक्यं होती गं."

निकाल मार्चात लागला. आईनं धरून ठेवलं आणि बापानं दिवा धरला, म्हणजे दोघांनी मिळून लेकराला इजा केली आणि वर सरकारला खोटं सांगितलं. शंभू त्या दुसऱ्या घरीच राहणार, निदान वर्षभर. पुढचं पुढं बघू. आईबापाला पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेट, तीही एका सरकारी बाईच्या देखत, आणि तिला कळेल त्याच भाषेत बोलायचं. मराठी बोलायचं नाही.

साडेबाराचा फोन बंद झाला होता. शरणम्मा तरी रोज त्या वेळेला डब्याला मोबाईल टेकवून बसायची. आणि एप्रिलात एक दिवस तो वाजला. सोनाली एकटीच होती. मागं तीच खिडकी, तेच बेसिन, आता त्यात भांडी. आदल्या दिवशी भेट झाली होती.

"चालायला लागलाय," ती म्हणाली. "पोटावरचे डाग फिकट झालेत. त्याला सांभाळणारी ती बाई रोज मलम लावते म्हणे."

"तुला वळखलं का गं त्यानं?"

"रडायला लागला," सोनाली म्हणाली. "त्या बाईकडं हात केले."

शरणम्मानं तोंडात पदर कोंबला. तिला सुनेचे पाय धरायचे होते, पण मधे सात समुद्र. "माझी जीभ झडली का न्हाय तवा," ती म्हणाली. "मला वाटलं गं, तू पाय धरलेस ते सांगितलं की त्यान्ला कळंल, तू कशी आई हायस ते."

"मलाबी त्या दिवशी वाटलं होतं, आई, की आई हेच करते," सोनाली म्हणाली. "म्हणूनच धरले होते."