इंजिनाचे गोडे पाणी

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात माणूस जन्मभर खारे पाणी पिऊन जगतो. इंजिन जगत नाही. हा शोध खुशालराव पाटलांना मागल्या साली लागला, जेव्हा त्यांच्या पीठगिरणीच्या डिझेल इंजिनाच्या पोटात ते गार ठेवणाऱ्या पाण्यातले मीठ साचून ओतीव बिडाचे धड तडकले. तेव्हापासून दळण आटोपले की इंजिन चालू ठेवूनच त्याची नळी खाऱ्या हौदातून काढून गोड्या पाण्याच्या टाक्यात सोडीत, आणि आतले मीठ धुऊन निघाल्यावरच ते बंद करीत. अंजनगावाकडून बैलगाडीने येणारे गोड्या पाण्याचे पिंप आणि त्यातून टाके भरण्याचे काम गावाबाहेरच्या वस्तीतल्या मनकर्णेच्या हवाली होते. इंजिनाला विटाळ नसतो. माणसाला असतो, म्हणून तिने शिवलेल्या पिंपाला गिरणीत दुसरा कोणी हात लावीत नसे.

तिच्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, आणि पाटलांनी पिंपातून वस्तीला मिळणारी गोड्या पाण्याची घागर बंद केली.

त्या संध्याकाळी दळण आटोपले, इंजिन चालूच होते, आणि मनकर्णा टाके न भरता रिकामी घागर घेऊन पिंपाशी बसली. "आज पानी वतत नाई. पयले माह्या शालूसाठी एक घागर."

शालू बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय सुजून खांब झालेले. अकोल्याच्या डॉक्टरने खारे पाणी तोडायला सांगितले होते.

"याड लागलं काय तुले?" पाटील ओट्यावरून म्हणाले. "थे पानी इंजनाचं व्हय."

"मालूम हाय, पाटील. इंजनाले खारं सोसत नाई. माह्या पोरीले कावून सोसन?"

"मांग ना मंग तुह्या बुद्धाले. लय मोठा देव केला ना तुमी त्याले."

"तो देव नाई. म्हनून त तुमाले मांगून राहिली."

पीठ भरणाऱ्या माणिकबाईने पदर तोंडाला लावला.

इंजिन चालवणारा नत्थुजी, पाटलांचाच भाऊबंद, डिझेलच्या टाकीत डोकावला. "भाऊ, डिझल तळाले गेलं. असंच बंद पडलं त मीठ बसन आतमंदी."

"मंग तू वत."

"मी? बायको घरात घेईन का मले? तुमीच वता ना."

पाटील उठले, पिंपापर्यंत आले. हात पुढे झाला, थबकला, धोतराला पुसला गेला. इंजिनाचा ठोका अडखळला.

"घे," ते भिंतीकडे पाहून बोलले. "एकच."

"रोज एक," मनकर्णा बसूनच म्हणाली.

"रोज घे. वत आता."

"पयले पोरगी."

तिने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि एक थेंबही सांडणार नाही अशा चालीने वस्तीकडे निघाली. ती परतेपर्यंत नत्थुजीने कंदिलातले रॉकेल टाकीत ओतले, आणि सारे गाव पीत होते तेच खारे पाणी पीत इंजिन धडधडत राहिले.